अंतराळ स्थानकाकडे माल नेणाऱ्या रॉकेटच्या उड्डाणाची तयारी जमिनीवर कशी होते?

प्रश्न: विज्ञानशिक्षिका, राजारामपुरी

नमस्कार. कोल्हापुरातील एका माध्यमिक शाळेत मी आठवी आणि नववीच्या वर्गांना विज्ञान शिकवते. जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले, तेव्हापासून या विषयावरचे मुलांचे प्रश्न थांबलेले नाहीत. त्यांनी सोबत आमरस आणि गाजराचा हलवा नेला होता आणि तिथे मूग व मेथीचे दाणे रुजवून पाहिले, हे मुलांनी वर्तमानपत्रांत वाचले. त्यातून त्यांचे कुतूहल अंतराळवीरांच्या साहसाकडून त्यांच्या रोजच्या शिध्याकडे वळले. मला हे वळण मोलाचे वाटते, कारण रॉकेट उडते कसे हे पाठ्यपुस्तकात सापडते, पण उड्डाणाआधीचे कित्येक महिने माणसे जमिनीवर काय करत असतात, याविषयी वर्गात सांगण्याजोगे मराठीत मला फारसे मिळालेले नाही.

ढगांमुळे उड्डाण रद्द झाले तर तासभर थांबून ते का करत नाहीत, थेट दुसऱ्या दिवशीच का, आणि तेही आदल्या दिवसापेक्षा सुमारे चोवीस मिनिटे लवकर का, हा मुलांचा पहिला प्रश्न आहे. यानात माल कधी आणि कोणत्या क्रमाने भरतात, हा दुसरा. तिसरा प्रश्न नववीतल्या एका मुलीने विचारला आणि तो मला सर्वांत अवघड वाटला. पहिले मालवाहू प्रोग्रेस यान जानेवारी १९७८ मध्ये सॅल्यूत-६ या स्थानकाकडे गेले होते. म्हणजे हे काम जवळजवळ पाच दशके चालू आहे, तर मग आजही प्रत्येक वेळी एवढी तयारी का लागते?

जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर: आकाशनिरीक्षक, पन्हाळा

मॅडम, पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्थानकाच्या कक्षेत आहे. स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून, ताशी साधारण २७,६०० किलोमीटर वेगाने फिरते आणि दीड तासाहून थोड्या अधिक वेळात एक फेरी पूर्ण करते. त्याची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांचा कोन करते. वर्गात पृथ्वीगोलाभोवती तारेचे एक तिरपे कडे धरावे आणि आतला गोल फिरवावा. कडे जवळपास जागच्या जागी राहते आणि गोलावरचे फ्लोरिडा किंवा कझाकस्तानातील बैकानूर हे उड्डाणतळ दिवसातून दोनदा त्या कड्याखाली येते. फ्लोरिडाहून त्यांपैकी ईशान्येकडे जाणारी एकच वेळ वापरतात, कारण दुसऱ्या वेळी रॉकेटला आग्नेयेकडे, वस्ती असलेल्या बेटांवरून जावे लागेल. म्हणजे दिवसाकाठी हाती एकच क्षण उरतो.

त्या क्षणी निघालेले रॉकेट स्थानकाच्याच कक्षेच्या प्रतलात पोहोचते. उशीर झाला तर पृथ्वी तळाला त्या प्रतलापासून दूर घेऊन जाते: चार मिनिटांत एक अंश, तासाभरात पंधरा अंश. कक्षेत गेल्यावर प्रतल अवघ्या एका अंशाने वळवायचे म्हटले तरी वेगात सेकंदाला सुमारे १३० मीटरचा बदल करावा लागतो. तासाभराचा उशीर भरून काढण्याइतके इंधन कोणत्याही मालवाहू यानात नसते, आणि ते भरायचे ठरवले तर मालाला जागा उरणार नाही.

चोवीस मिनिटांचा हिशेब मुलांना फळ्यावर करून दाखवता येईल. पृथ्वी विषुववृत्तापाशी थोडी फुगीर असल्यामुळे स्थानकाच्या कक्षेवर जी ओढ पडते, तिच्यामुळे ते प्रतल दिवसाला सुमारे पाच अंश पश्चिमेकडे सरकते. शिवाय पृथ्वी सूर्याभोवती दिवसाला जवळपास एक अंश पुढे जाते. दोन्ही मिळून सहा अंश झाले, आणि अंशाला चार मिनिटे धरली की चोवीस मिनिटे होतात. साधारण साठ दिवसांत हा फरक पूर्ण दिवसाएवढा साचतो. म्हणूनच एकाच तळावरून स्थानकाकडे जाणारे एक यान भर दुपारी, तर दुसरे मध्यरात्री निघालेले आपल्याला दिसते. त्यात कोणाच्या सोयीचा प्रश्न नसतो.

स्पेसएक्स या अमेरिकी कंपनीच्या फाल्कन-९ या रॉकेटच्या बाबतीत आणखी एक बंधन आहे. त्यातला द्रव ऑक्सिजन उणे १८३ अंश या नेहमीच्या उत्कलनबिंदूपेक्षाही पुष्कळ थंड, उणे २०० अंशांच्या खाली नेलेला असतो, कारण थंड केलेला द्रव अधिक दाट होतो आणि त्याच टाकीत जास्त मावतो. उड्डाणाला ३५ मिनिटे उरली असताना तो भरण्यास सुरुवात होते आणि भरल्या क्षणापासून तो तापू लागतो. त्यामुळे इंधन भरून ढग सरण्याची वाट पाहत बसणे, कक्षेने परवानगी दिली असती तरी, शक्य झाले नसते.

एक गोष्ट मात्र मुलांना आवर्जून सांगावी. प्रतल साधले तरी त्या कड्यावर स्थानक नेमके कोणत्या जागी आहे, यावर पाठलाग किती लांबेल हे ठरते. जुलै २०१८ मध्ये प्रोग्रेस एमएस-०९ हे यान उड्डाणानंतर अवघ्या ३ तास ४० मिनिटांत स्थानकाला जाऊन जोडले गेले. एरवी हाच प्रवास दोन दिवसांचाही असतो. असा जलद मार्ग हवा असेल तर स्थानकाला जोडलेल्या यानाची इंजिने आधीच चालवून स्थानकाची उंची थोडी बदलून घेतात. म्हणजे रॉकेट तळावर उभे राहण्यापूर्वीच वरच्या स्थानकाची तयारी सुरू झालेली असते.

उत्तर: औषधवितरक, शाहूपुरी

इन्सुलिन आणि लसींचे खोके किती अंशांत किती वेळ राहिले, याची नोंद ठेवणे हे आमचे रोजचे काम आहे. त्यामुळे या यानांच्या भरणीविषयी मी वर्षानुवर्षे आवडीने वाचत आलो आहे. मॅडमच्या दुसऱ्या प्रश्नापुरते लिहितो.

माल मऊ कापडी पिशव्यांत भरतात. सहज पेट न घेणाऱ्या कापडाच्या या पिशव्यांचे माप ठरलेले असते; मूळ पिशवी साधारण ५० सेंटिमीटर लांब, ४२ रुंद आणि २५ उंच असते आणि बाकीच्या तिच्या पटीत किंवा निम्म्या असतात. पिशवीत जाणारी प्रत्येक वस्तू त्याआधी तपासणीतून गेलेली असते. स्थानकात खिडकी उघडून हवा घेता येत नाही, म्हणून प्लास्टिक, गोंद, रंग आणि फोम यांतून कोणते वायू सुटतात हे बंद पात्रात ठेवून मोजतात. बॅटऱ्यांची परीक्षा वेगळी असते, आणि धारदार कडा तर हातमोज्याला लागेल एवढीही चालत नाही. यानंतर वजन होते, आणि प्रत्येक पिशवी यानात कोणत्या जागी जाईल हे त्या वजनावरून ठरते, कारण यानाचा गुरुत्वमध्य ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर ते वळवताना इंजिनांना जास्त इंधन खर्चावे लागते. म्हणून शेवटच्या आठवड्यात कोणी दोन किलोची वस्तू वाढवण्याची विनंती केली, तरी भरणीचा आराखडा पुन्हा तपासावा लागतो.

कपडे, सुटे भाग आणि टिकाऊ अन्न हा माल पुष्कळ आधी भरून होतो. जिवंत पेशी, प्रयोगासाठीचे उंदीर, गोठवलेले नमुने आणि ताजी फळे मात्र शेवटपर्यंत प्रयोगशाळेत किंवा शीतगृहात ठेवतात, आणि फाल्कन-९ वरून जाणाऱ्या ड्रॅगन यानात हा माल रॉकेट तळावर नेण्याच्या सुमारास, उड्डाणाला साधारण एक दिवस उरला असताना चढवतात. आपल्याकडच्या दूध संकलनाचा अनुभव असलेल्यांना हे लगेच उमजेल: रिकामे कॅन केव्हाही गाडीत ठेवता येतात, दुधाची वेळ मात्र दूधच ठरवते.

या शेवटच्या भरणीसाठी किती खटपट करतात, याचे एक उदाहरण माझ्या फार आवडीचे आहे. जानेवारी २०२४ मध्ये सिग्नस हे मालवाहू यान प्रथमच फाल्कन-९ वरून जाणार होते. ड्रॅगन रॉकेटच्या टोकावर उघडे बसते, सिग्नस मात्र फेअरिंग या संरक्षक कवचाच्या आत असते, आणि कवच बंद झाल्यावर आत पोहोचण्याची सोय फाल्कनमध्ये नव्हती. तेव्हा त्या कवचालाच सुमारे पाच फूट लांब आणि चार फूट रुंद असे दार करण्यात आले. रॉकेटच्या अशा भागाला भोक पाडणे म्हणजे त्याची मजबुती, हवेचा दाब आणि आतल्या स्वच्छ हवेचा प्रवाह हे सारे पुन्हा तपासणे होय. काही पिशव्या ताज्या पोहोचाव्यात म्हणून एवढे काम केले गेले. माझ्या मते संपूर्ण तयारीतला सर्वांत कठीण भाग हाच, शेवटच्या दोन दिवसांचा आहे.

उत्तर: गुणवत्ता तपासनीस, शिरोली औद्योगिक वसाहत

वरच्या उत्तरातील माहिती उत्तम आहे, तरी त्याच्या शेवटच्या वाक्याशी मी आदरपूर्वक असहमत आहे. शेवटचे दोन दिवस धावपळीचे असतात हे खरे, परंतु नववीतल्या त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर तिथे मिळत नाही. ते शोधायला उड्डाणाच्या कित्येक महिने मागे, कारखान्यात जावे लागते. मी एका फाउंड्रीत तपासणीचे काम करतो, आणि त्यामुळे २८ जून २०१५ चा अपघात मला कधीच परका वाटलेला नाही.

त्या दिवशी केप कॅनव्हरलहून फाल्कन-९ रॉकेट ड्रॅगन यानाला घेऊन स्थानकाकडे निघाले. स्पेसएक्स कंपनीची ती सातवी पुरवठा मोहीम होती. १३९ सेकंद सारे सुरळीत चालले आणि मग रॉकेट फुटले. सुमारे दोन टन माल समुद्रात गेला, आणि त्यात पुढे अंतराळवीरांची याने स्थानकाला जोडण्यासाठी लागणारे एक मोठे जोडकडेही होते.

कारण समजून घेण्यासाठी रॉकेटच्या दुसऱ्या टप्प्याच्या टाकीत डोकवावे लागेल. द्रव ऑक्सिजनच्या त्या टाकीत अतिशय उच्च दाबाच्या हेलियमच्या बाटल्या बसवलेल्या असतात. इंजिन ऑक्सिजन ओढू लागले की टाकीत रिकामी होणारी जागा हेलियमने भरून आतला दाब टिकवतात. द्रवात बुडालेली ही हलकी बाटली सतत वर उसळू पाहते, आणि रॉकेटचा वेग वाढत असताना ही उसळी जमिनीवरच्यापेक्षा तिप्पट होते. बाटलीला जागेवर धरून ठेवते ती साधारण दोन फूट लांब आणि इंचभर जाड अशी एक दांडी. ती सुमारे ४,५०० किलोचा भार सहन करील असे प्रमाणित होते. कंपनीच्या निष्कर्षानुसार ती सुमारे ९०० किलोलाच तुटली. बाटली निसटली, हेलियम टाकीत कोंडला आणि टाकी क्षणार्धात फुटली.

पुढे नासाच्या स्वतंत्र चौकशी पथकाने जे म्हटले, ते प्रत्येक फाउंड्रीच्या भिंतीवर लावावे असे आहे. दांडीच्या टोकाचा भाग, ज्याला आम्ही रॉड-एंड म्हणतो, तो १७-४ पीएच जातीच्या स्टेनलेस स्टीलचा ओतीव भाग होता. तो विमान आणि अवकाश कामासाठीच्या दर्जाचा नसून साध्या औद्योगिक दर्जाचा होता. उत्पादकाने चारपट सुरक्षा राखून तो वापरावा असे सुचवले होते, ते पाळले गेले नव्हते. अतिशीत द्रवात आणि एवढ्या भाराखाली तो वापरण्यापूर्वी त्याची वेगळी चाळणीही झाली नव्हती. पथकाने याला आराखड्याची चूक म्हटले. एखादा सदोष तुकडा चुकून येऊ शकतो. इथे मुळात असा तुकडा येईल हे गृहीत धरून तपासणीच ठेवलेली नव्हती, आणि माझ्या मते हा दोष अधिक गंभीर आहे.

ओतीव भाग बाहेरून गुळगुळीत आणि मापात तंतोतंत असू शकतो. पण जाड भाग जिथे बारीक भागाला मिळतो, तिथला धातू सर्वांत शेवटी गोठतो, आणि गोठताना आकसल्यामुळे आत श्रिंकेजची पोकळी राहू शकते. डोळ्यांना ती दिसत नाही. म्हणून भट्टीतून धातूची प्रत्येक हीट, म्हणजे एका वेळी वितळवलेला धातू, निघताना सोबत टेस्ट बार, म्हणजे चाचणीची दांडी, ओततात आणि तो यंत्रात ओढून तोडतात. महत्त्वाच्या कास्टिंगचा, म्हणजे ओतीव भागाचा, एक्स-रे काढतात. पृष्ठभागावरच्या केसासारख्या भेगांसाठी डाय पेनिट्रंट वापरतात: लाल द्रव फासायचा, काही मिनिटे मुरू द्यायचा, स्वच्छ पुसून घ्यायचा आणि त्यावर पांढरी पूड फवारायची. भेग असेल तर आत मुरलेला रंग बाहेर येतो आणि पांढऱ्यावर बारीक लाल रेघ उमटते. ही रेघ एकदा उमटली की तो तुकडा कितीही सुबक असला तरी बाजूला ठेवावाच लागतो.

त्यातही एक मेख आहे. टेस्ट बार सामान्य तापमानाला तोडलेला असतो, आणि १७-४ पीएच हे पोलाद सामान्य तापमानाला चांगली ताकद दाखवत असले तरी द्रव ऑक्सिजनच्या थंडीत ठिसूळ होते. म्हणजे प्रयोगशाळेचा अहवाल खरा असूनही त्या टाकीतल्या परिस्थितीला तो लागू नसतो. अपघातानंतर कंपनीने साठ्यातल्या अशा हजारो दांड्या तपासल्या, तेव्हा त्यांतल्या काही ठरलेल्या भाराच्या पुष्कळ आधी तुटल्या. त्यानंतर दांडीची जात बदलण्याचे आणि प्रत्येक दांडीची स्वतंत्र भारचाचणी करण्याचे ठरले. डिसेंबर २०१५ मध्ये फाल्कन-९ पुन्हा उडाले.

त्या मुलीला माझ्या वतीने एवढे सांगावे: आराखडा जुना असला तरी प्रत्येक रॉकेटमधले कित्येक भाग नव्या हीटचे असतात, नव्याने जोडलेले असतात, आणि मागच्या उड्डाणाने मागचे भाग चांगले होते एवढेच सिद्ध केलेले असते. आपल्या महाराष्ट्रात वालचंदनगरला पीएसएलव्हीच्या मोटारींची आवरणे तयार झालेली आहेत. तिथल्या कामगारांनाही प्रत्येक वेल्डबाबत हीच शिस्त पाळावी लागली असणार.

प्रतिसाद: विज्ञानशिक्षिका, राजारामपुरी

तिघांचेही मनापासून आभार. दांडीचा प्रसंग मी वर्गात सांगितला, तेव्हा लगेच पुढचा प्रश्न आला: दोन टन माल बुडाला, तर वरच्या माणसांनी खाल्ले काय? याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

उत्तर: वाचक, इचलकरंजी

त्यांचे जेवण चुकले नाही, आणि ते का चुकले नाही यातच तयारीचा एक मोठा भाग आहे. स्थानकावर काही महिने पुरेल एवढा जादा साठा नेहमी ठेवतात. पुढच्या फेऱ्यांचे वेळापत्रक आखताना, येणारे यान पोहोचणारच नाही असे मानून साठा कोणत्या तारखेला संपेल ते आधी काढतात, आणि मग उड्डाणाची तारीख ठरवतात.

या पद्धतीची खरी परीक्षा २०१४ आणि २०१५ मध्ये झाली. २८ ऑक्टोबर २०१४ रोजी व्हर्जिनियातील वॉलप्स बेटावरून निघालेले अँटारेस रॉकेट काही सेकंदांतच इंजिनाच्या ऑक्सिजन पंपातील बिघाडामुळे कोसळले आणि त्यावरील सिग्नस यान नष्ट झाले. २८ एप्रिल २०१५ रोजी रशियाचे प्रोग्रेस एम-२७एम कक्षेत पोहोचले, पण रॉकेटपासून वेगळे होतानाच बिघडून गरगरू लागले आणि ८ मे रोजी वातावरणात जळाले. त्यानंतर दोनच महिन्यांत वर वर्णन केलेला फाल्कनचा अपघात झाला. तीन वेगवेगळी रॉकेटे, तीन वेगवेगळी याने, आठ महिन्यांत तीन अपयशे. तरीही ३ जुलै २०१५ रोजी प्रोग्रेस एम-२८एम सुखरूप निघाले आणि ऑगस्टमध्ये जपानचे एचटीव्ही-५ पोहोचले. त्या जपानी यानाची भरणी जवळजवळ उरकली असताना, पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचे तातडीचे भाग त्यात नासाच्या विनंतीवरून चढवण्यात आले. वितरक महोदयांनी दोन किलोसाठी आराखडा तपासावा लागतो असे लिहिले आहे. त्यावरून या विनंतीचे वजन लक्षात यावे.

पुरवठा एकाच देशावर किंवा एकाच रॉकेटवर सोपवत नाहीत, त्याचे कारण हेच आहे. ऑगस्ट २०११ मध्ये प्रोग्रेस एम-१२एम उड्डाणातच नष्ट झाले, तेव्हा अन्नाची चिंता नव्हती, चिंता वेगळीच होती. बिघडलेल्या तिसऱ्या टप्प्यासारखाच टप्पा अंतराळवीरांना नेणाऱ्या सोयुझ रॉकेटमध्येही होता, आणि त्यामुळे माणसांची उड्डाणेही थांबली. स्थानक काही काळ रिकामे ठेवावे लागेल की काय, याचा विचार तेव्हा गांभीर्याने झाला होता.

अगदी अलीकडे, २०२५ च्या आरंभी, एका सिग्नस यानाचे मालदालन ज्या वाहतूक पेटीतून आणले तिचे नुकसान झालेले आढळले. आतल्या दालनालाही इजा झाली होती, म्हणून ती फेरी रद्द झाली आणि पुढच्या ड्रॅगनमध्ये अन्न व रोजच्या वापराचे सामान वाढवण्यात आले. रॉकेट पेटण्याआधीच, केवळ वाहतुकीत फेरी गमावण्याचे हे उदाहरण वर्गात सांगण्यासारखे आहे.

पाण्याबद्दल मुले विचारतीलच. घाम, श्वासातील बाष्प आणि मूत्र यांतून पाणी परत मिळवण्याचे प्रमाण २०२३ मध्ये ९८ टक्क्यांवर पोहोचल्याचे नासाने जाहीर केले. पाण्याची जी टाकी वर नेण्याची गरज उरत नाही, तेवढे वजन प्रयोगांच्या साहित्याला मिळते. आणि मॅडम, अँटारेसच्या अपघातात विद्यार्थ्यांनी तयार केलेले प्रयोगही नष्ट झाले होते. त्या मुलांनी ते पुन्हा तयार केले आणि जानेवारी २०१५ मध्ये पुढच्या ड्रॅगनमधून ते वर गेले.

उत्तर: निवृत्त लाइनमन, गगनबावडा

ढगांविषयी थोडे लिहितो. उड्डाण रद्द करण्यासाठी वीज चमकतच असावी लागते, असे नाही. रॉकेट आणि त्यामागची तप्त ज्वाळा मिळून एक लांबलचक वाहक तयार होतो, आणि भारित ढगातून जाताना तो स्वतःच वीज ओढून घेतो. १४ नोव्हेंबर १९६९ रोजी अपोलो-१२ वर उड्डाणानंतर मिनिटभराच्या आत दोनदा वीज पडली आणि ती मोहीम थोडक्यात वाचली. २६ मार्च १९८७ रोजी अ‍ॅटलस-सेंटॉर रॉकेट मात्र याच कारणाने गेले. त्यामुळे फ्लोरिडातील तळावर सुमारे १८ किलोमीटरच्या आत वीज दिसली तर अर्धा तास उड्डाण करता येत नाही, आणि गडगडाटी ढगाच्या वरच्या पसरट भागापासून, म्हणजे आपल्याकडे वळवाच्या आधी आकाशात ऐरणीसारखा पसरलेला दिसतो त्या भागापासूनही, दूर राहावे लागते. पन्हाळ्याच्या मित्रांनी लिहिल्याप्रमाणे दिवसातून एकच क्षण असेल, तर हा अर्धा तास म्हणजे संपूर्ण दिवसच गेला.

उत्तर: आकाशनिरीक्षक, पन्हाळा

तपासनीस साहेबांच्या मुद्द्याला जोड म्हणून शुभांशु शुक्ला यांच्याच उड्डाणाचे उदाहरण देतो. ते मालवाहू यान नव्हते, पण रॉकेट तेच फाल्कन-९ होते. जून २०२५ मध्ये तळावर उभ्या असलेल्या रॉकेटची सात सेकंदांची इंजिन चाचणी झाली आणि द्रव ऑक्सिजनची गळती आढळली. दुरुस्ती आणि पुन्हा तपासणी होईपर्यंत उड्डाण पुढे गेले. त्यानंतर स्थानकाच्या रशियन भागातील हवेच्या दाबाचा प्रश्न तपासायचा होता, म्हणून ते आणखी लांबले आणि अखेर २५ जूनला झाले. आपल्याकडच्या अनेकांना त्या दिवसांत ‘आज पुन्हा रद्द’ या बातमीचा कंटाळा आला होता. मला मात्र त्या बातम्या दिलासा देणाऱ्या वाटत होत्या, कारण गळती सापडल्यावर कोणीतरी ‘नाही’ म्हणत होते आणि ते ऐकले जात होते.

भारतापुढेही हे काम येणार आहे. आपले स्वतःचे स्थानक २०३५ पर्यंत उभारण्याचे उद्दिष्ट आहे आणि त्याला माल पोहोचवायचा तर दोन यानांची जोडणी सफाईने जमली पाहिजे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस श्रीहरिकोटाहून गेलेल्या स्पेडेक्सच्या दोन उपग्रहांनी ती १६ जानेवारी २०२५ रोजी साधली. पण त्याआधी ठरलेली तारीख दोनदा पुढे ढकलली गेली. १२ जानेवारीला तर उपग्रह एकमेकांपासून तीन मीटरपर्यंत आले, आणि तरीही त्यांना सुरक्षित अंतरावर मागे नेऊन मिळालेल्या मोजमापांचा अभ्यास करण्यात आला. इतक्या जवळ आल्यावर मागे फिरण्याचा निर्णय घेणाऱ्या त्या पथकाविषयी मला अतिशय आदर वाटतो.

प्रतिसाद: विज्ञानशिक्षिका, राजारामपुरी

या चर्चेतून मला दोन तासिकांचे साहित्य मिळाले. पहिल्या तासाला पृथ्वीगोल आणि तारेचे कडे घेऊन चोवीस मिनिटांचा हिशेब करणार आहे. दुसऱ्या तासाला मुलांच्या गटांना ठरावीक मापाची पिशवी आणि ठरावीक वजन देऊन, तीन महिने राहणाऱ्या एका माणसासाठी काय नेणार आणि काय वगळणार याची यादी करायला लावणार आहे. तपासनीस साहेबांना एक विनंती आहे: डाय पेनिट्रंटची चाचणी मुलांना प्रत्यक्ष पाहता येईल का?

उत्तर: गुणवत्ता तपासनीस, शिरोली औद्योगिक वसाहत

अवश्य, मॅडम. मी व्यवस्थापनाकडून परवानगी घेतो. ओतकाम चालू असताना मुलांना आत नेता येणार नाही, म्हणून सकाळी भट्टी तापण्यापूर्वीची वेळ धरावी. सर्वांच्या पायांत बंद बूट असावेत. गॉगल आमच्याकडून मिळतील. नाकारलेल्या कास्टिंगपैकी दोन मी बाजूला काढून ठेवतो, एक भेग असलेले आणि एक आतून पोकळी असलेले. भेग लाल रेघेवरून मुलांना स्वतःच शोधता येईल. पोकळीचे कास्टिंग मात्र आधी नुसते हातात देऊ, कोणता भाग सदोष वाटतो ते प्रत्येकाला वहीत लिहायला सांगू, आणि मगच एक्स-रेची फिल्म दाखवू. एका वेळी पंधराहून अधिक मुले नकोत, म्हणजे सगळ्यांना जवळून पाहता येईल.